स्थानकाच्या नावातला ‘रोड’

प्रश्न असा आहे : नाशिक रोड, वसई रोड, अक्कलकोट रोड या स्थानकांच्या नावांतील ‘रोड’ म्हणजे नेमके काय, आणि शुद्ध मराठीत लिहिताना त्याचा ‘मार्ग’ करावा का?

हा ‘रोड’ कोणत्याही एका रस्त्याचे नाव नाही. ज्या गावाचे नाव पाटीवर आहे ते गाव येथे नसून येथे उतरून सडकेने तिकडे जायचे आहे, एवढेच तो प्रवाशाला सांगतो. लोहमार्गाची आखणी चढ, नद्या आणि पुढचे मोठे ठिकाण पाहून होत असे. त्यामुळे जुनी बाजारपेठ किंवा देवस्थान पुष्कळदा रुळांपासून काही कोस बाजूला राहिले. नाशिकचे स्थानक असेच जुन्या शहरापासून दूर राहिले आणि मधले अंतर कापण्यासाठी एके काळी तेथे ट्रामही धावत होती. ही नामकरणाची पद्धत पुढे दीर्घकाळ टिकली : १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेवरही संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड आणि सावंतवाडी रोड ही नावे आहेतच.

मात्र खरा अर्थबदल घडला तो स्थानकाभोवतीच्या वस्तीमुळे. माळावर किंवा शिवारात उभ्या राहिलेल्या स्थानकाजवळ रेल्वे कर्मचाऱ्यांच्या चाळी, मालधक्का, हमाल, टांगेवाले, अडते आणि वखारी आल्या, आणि पाहता पाहता मूळ गावापासून निराळे, आपली स्वतंत्र ओळख असलेले दुसरे गाव तयार झाले. वसईत अजूनही ‘गाव’ आणि ‘स्टेशन’ असा भेद बोलण्यात सहज येतो. नाशिक रोडची वस्ती तर एवढी वाढली की, १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा नाशिक रोड-देवळाली ही वेगळी नगरपालिका तिच्यात विलीन करावी लागली.

बोलणाऱ्यांनी हा बदल व्याकरणातही नोंदवला आहे आणि मला तोच पुरावा सर्वांत मोलाचा वाटतो. ‘नाशिक रोडवर गाडी बंद पडली’ या वाक्यात आपल्याला नाशिककडे जाणारी सडक दिसते. ‘नाशिकरोडला उतरलो’ म्हटले की ठिकाण दिसते, कारण गावाच्या नावाला आपण ‘ला’ लावतो आणि रस्त्याला ‘वर’. लिंगाचेही तसेच आहे. ‘रोड’ हा शब्द एरवी पुल्लिंगी, म्हणून ‘रोड खराब झाला’. पण गाडीत बसलेला माणूस मात्र ‘नाशिकरोड आलं का?’ असे विचारतो, म्हणजे ‘गाव’ या शब्दाचे नपुंसकलिंग त्याने त्या नावाला आपसूक दिलेले असते.

याच्या उलट प्रवासही झाला आहे. सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडीचे स्थानक पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणून ओळखले जाई, कारण त्या काळी पुणे–सोलापूर मार्गावरून सुमारे ३५ किलोमीटरवरच्या बार्शीला जाण्यासाठी तेथेच उतरावे लागे. १८९७ साली तेथून बार्शीपर्यंत अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, १९०६ मध्ये ती पंढरपूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. रेल्वेचे जंक्शन आणि कारखाना यांच्या आधाराने ते ठिकाण स्वतःच शहर झाले, आणि मग दुसऱ्या गावाची वाट दाखवणारे नाव मागे पडून कुर्डू गावाच्या वाडीचे नाव पाटीवर आले.

म्हणून ‘मार्ग’ करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘नाशिक मार्ग’ वाचताच कोणालाही सडक आठवेल आणि ज्या वस्तीचे हे नाव आहे ती वस्तीच वाक्यातून नाहीशी होईल. स्थानकाचा उल्लेख करताना पाटीप्रमाणे ‘नाशिक रोड’ असे तोडून लिहावे. वस्तीविषयी लिहिताना, विशेषतः ‘नाशिकरोडचा’, ‘नाशिकरोडहून’ अशा रूपांत, जोडून लिहिणे मला उच्चाराला अधिक धरून वाटते.