काळा धूर आणि पेट्रोलचा वास

रामबागेतले एक वाचक विचारतात : माझी जुनी कार्बोरेटरवाली मारुती 800 काळा धूर सोडते. एअर फिल्टर बदलून फरक पडेल का?

पडू शकेल. कार्बोरेटरमध्ये फिल्टर तुंबला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. पण आधी चोक, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी पट्टी, पाहा. केबल अडकली की नॉब आत ढकलूनही चोकची पट्टी अर्धी मिटलेली राहते. इंजिन तापल्यावर ती पूर्ण उघडलेली दिसायला हवी. ती ठीक असेल, तर फ्लोटची सुई, म्हणजे कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई, तपासून घ्या.

सुदामा नगरहून : इंजेक्शनची गाडी आहे. ॲव्हरेज 16 वरून 11 वर आलं, स्कॅनरवर पी 0172 आला. मिस्त्री म्हणतात, ऑक्सिजन सेन्सर बदला.

इतक्यात बदलू नका. या कोडचा अर्थ एवढाच, की कॉम्प्युटर पेट्रोल कमी करत गेला तरी मिश्रण रिचच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्तच, आहे. ही बातमी बहुतेक वेळा त्याच सेन्सरने दिलेली असते, आणि ती खरी असू शकते.

स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा. अर्धा तास चालवलेल्या गाडीत ते साधारण 85 ते 95 अंश हवं. साठ-पासष्टवरच रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय. आपल्या इंदूरच्या उन्हाळ्यात ‘इंजिन थंड राहील’ म्हणून तो काढून देणारे मिस्त्री मला भेटले आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. इंजिन नीट तापतच नाही, मग कॉम्प्युटर थंड इंजिनाला द्यायचं तसं जादा पेट्रोल देत राहतो. तापमानाचा सेन्सर बिघडून खोटा थंडावा दाखवत असेल, तरी तेच.

तापमान बरोबर निघालं, तर मॅप सेन्सरची (इंजिनात हवा ओढली जाते तिथला दाब मोजणाऱ्या सेन्सरची) नळी फाटली आहे का पाहा. फ्यूएल रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, पेट्रोलचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर असेल, तर गार इंजिनावर त्याची व्हॅक्यूमची नळी काढा. आत पेट्रोलचा ओलावा दिसला, तर रेग्युलेटरमधला पडदा फाटला आहे. मग राहिले गळके इंजेक्टर. सेन्सरची पाळी या सगळ्यांनंतर.

लोकमान्य नगरहून : जादा पेट्रोल खाणारी गाडी दिवाळीपर्यंत अशीच चालवली तर?

नका चालवू. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून निकामी करतं. ऑइल मोजायची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, तर दोष दुरुस्त झाल्याबरोबर ऑइलही बदला, कारण त्यातली पेट्रोलची वाफ पुन्हा इंजिनात ओढली जाते आणि दुरुस्त गाडीही काही दिवस रिच दाखवते.