केबल काढून फोनवर टीव्ही : वर्षाला वाचतात २३ रुपये

कळव्याच्या एका ताईंनी बराच तपशील देऊन प्रश्न पाठवला आहे. तो आधी थोडक्यात मांडते.

यजमान रबाळे एमआयडीसीत मशीन ऑपरेटर, पगार हातात २३,००० रुपये. ताई घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात, त्यातून सरासरी ८,००० सुटतात. घरभाडं ८,५००. घरात सासूबाई आणि नववीतला मुलगा. बँकेत आडीअडचणीसाठी २२,००० ठेवलेले आहेत, आणि पुढच्या महिन्यात १०,००० रुपयांची भिशी लागणार आहे. केबलचं बिल महिन्याला ३८०. नवराबायको दोघांचे २९९ रुपयांचे, २८ दिवसांचे रिचार्ज. सासूबाईंच्या बटणवाल्या फोनवर १९९ चा, तोही २८ दिवसांचा. ताईंचा स्वतःचा फोन जुना, स्टोरेज भरलेलं, चार्जिंग पिन सैल.

स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने त्यांना योजना सुचवली आहे. नवा ५जी फोन ‘नो कॉस्ट ईएमआय’वर ९,४९९ ला मुलाच्या नावाने घ्यायचा, त्यात नवं सिम आणि ३४९ चा पॅक टाकायचा, केबल बंद करायची, टीव्ही विकून टाकायचा आणि सगळ्यांनी फोनवर टीव्ही पाहायचा. शिवाय ‘सगळ्या वाहिन्या फुकट’ दाखवणारं एक अ‍ॅप तो स्वतः टाकून देणार आहे. ताई विचारतात, करू का?

ताई, फोन घ्या. बाकीची योजना दुकानातच राहू द्या. का ते सांगते.

दुकानदार तुमच्यापुढे दोन आकडे ठेवतो: केबल ३८०, पॅक ३४९. महिन्याला ३१ रुपये वाचल्यासारखं वाटतं. पण केबलचा महिना तीस दिवसांचा आणि पॅकचा अठ्ठावीस दिवसांचा. वर्षात केबलचे बारा हप्ते होतात, रिचार्ज मात्र तेरा करावे लागतात. केबलचे झाले ४,५६०, पॅकचे ४,५३७. वर्षाची बचत २३ रुपये. एवढ्यासाठी साडेनऊ हजारांचा फोन, घरातला टीव्ही विकणं आणि सासूबाईंची संध्याकाळ पणाला लावायची! त्यात मालिका पाहायला एखाद्या ओटीटीचं मोबाइल सबस्क्रिप्शन घेतलंत, तीन महिन्यांचे १४९ रुपये धरले, तर वर्षाचे ५९६ वाढतात. मग बचत जाऊन उलट खर्चच वाढतो.

आता ‘फुकट टीव्ही’बद्दल. फोनवर फुकट दिसणारं पुष्कळ आहे, आणि ते कायदेशीरही आहे. मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्ह्‌ज’ हे अ‍ॅप आणलं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या पैसे न देता पाहता येतात. मुलाला ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. पण कार्यक्रम फुकट असला तरी तो फोनपर्यंत येतो तुमच्या डेटावर. साध्या दर्जाचं चित्र ठेवलं तरी तासाला अर्धा ते पाऊण जीबी जातो. एचडीला त्याहून कितीतरी जास्त. तुम्हीच लिहिलं आहे की सासूबाईंचा टीव्ही रोज पाच तास चालतो. म्हणजे एकट्या त्यांनाच रोज तीन जीबी लागेल, आणि २९९ च्या पॅकात मिळतो दीड. तो संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यावर व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर कसाबसा जातो, मालिका नाही. मग रात्री आठच्या भागासाठी डेटाचा टॉप-अप मारायचा, आणि असे छोटे खर्च वहीत कोणी लिहून ठेवत नाही.

नेटशिवाय थेट फोनवर टीव्ही येणार, असंही तुम्ही ऐकलं आहे. त्या तंत्राच्या चाचण्या आपल्याकडे खरोखर झाल्या आहेत. पण त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते, आणि बाजारातल्या नेहमीच्या अँड्रॉइड फोनमध्ये ती नसते. त्या आशेवर आज काही विकत घेऊ नका.

दुकानदाराच्या अ‍ॅपबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, कारण इथे २३ रुपयांचा नाही, तुमच्या २२,००० चा प्रश्न आहे. प्ले स्टोअरबाहेरून टाकलेलं, पैशांच्या वाहिन्या फुकट दाखवणारं अ‍ॅप मुळातच चोरीच्या प्रक्षेपणावर चालतं. वर ते एसएमएस वाचायची, स्क्रीन पाहायची परवानगी मागतं आणि आपण घाईत ‘अलाउ’ दाबतो. ब्लाउजचे पैसे तुम्हाला यूपीआयवर येतात. त्याच फोनवर ओटीपी येतो, त्याच फोनवर बँकेचं अ‍ॅप. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्याच माथी बसतं. त्यामुळे दुकानात फोन चालू करून देताना त्याला कुठलंच अ‍ॅप टाकू देऊ नका. आणि कधी खात्यातून पैसे गेलेच तर आधी १९३० वर फोन, मग लगेच बँक.

‘नो कॉस्ट ईएमआय’चा तुमचाच हिशेब बघा. तुम्ही लिहिता की रोख घेतला तर तोच फोन ८,९९९ ला मिळतो. हप्त्यावर ९,४९९, आणि प्रोसेसिंग फी २९९ वेगळी. म्हणजे सहा महिन्यांसाठी ७९९ रुपये जास्त. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरलं, तर हा वर्षाला तीस टक्क्यांच्या आसपासचा व्याजदर झाला. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते किमतीत किंवा फीमध्ये दडवलेलं असतं. शिवाय पगार दोन दिवस उशिरा झाला आणि हप्ता बाउन्स झाला, तर दंड वेगळा आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग वेगळा. पुढे शिलाईच्या मोठ्या मशीनसाठी कर्ज काढायचं तुमच्या मनात आहे, तेव्हा हा डाग नडेल.

म्हणून फोन भिशीच्या पैशांतून, रोखीने घ्या. बँकेतल्या २२,००० ना हात लावू नका, ते जेमतेम एका महिन्याच्या खर्चाला पुरतील एवढेच आहेत. भिशी लागेपर्यंत सध्याच्या फोनची चार्जिंग पिन बदलून घ्या, काही शे रुपयांत ते काम होतं.

मात्र फोन मुलाच्या नावाने नको, तुमच्यासाठी घ्या. तुमचं माप, डिझाइनचे फोटो, ऑर्डर, पैसे सगळं त्यावर येतं. तो तुमच्या धंद्याचं हत्यार आहे, आणि म्हणूनच भिशीतले नऊ हजार त्यावर घालायला मी होकार देते आहे. मुलगा तुमचा जुना फोन वापरेल. त्याला नव्या सिमची गरज नाही, तुमच्या हॉटस्पॉटवर त्याचा अभ्यास होईल. शिकवणीच्या वेळी तुम्ही घरीच असता, हे तुम्ही लिहिलंच आहे.

स्वस्त डेटाची खरी संधीही इथेच आहे. ३४९ चा पॅक नव्या सिमवर घेण्यापेक्षा तुमचंच २९९ चं रिचार्ज ३४९ वर न्या. वाढले पन्नास, वर्षाचे ६५०. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर कंपन्या अमर्याद ५जी बहुतेक करून रोज दोन जीबीच्या किंवा त्यावरच्या पॅकवरच देतात, म्हणून हा पॅक. नवं सिम घेतलं असतं तर वर्षाला ४,५३७ गेले असते. फक्त पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, ५जीची ही सवलत हॉटस्पॉटवर चालते का. दुसरी जास्त महत्त्वाची: काही स्वस्त ५जी फोन एकाच पद्धतीच्या ५जी नेटवर्कवर चालतात. त्यामुळे खोक्यावर ५जी छापलेलं असूनही एका कंपनीचं सिम घातलं की ५जी येतं, दुसरीचं घातलं की ४जीच राहतं. आपलं सिम काढून दुकानातच त्या फोनमध्ये घालून बघा, वर कोपऱ्यात ५जी उमटतं का. तुमच्या गल्लीत ५जी येतं की नाही, हे शेजारच्या एखाद्या ५जी फोनवर आधीच पाहून ठेवा. येत नसेल तर २९९ वरच थांबा.

फोन निवडताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलकडे फार बघू नका. रॅम निदान ४ जीबी हवी, स्टोरेज १२८ जीबी असेल तर उत्तम, आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. ज्या फोनवर यूपीआय चालवायचं त्याला अपडेट मिळत राहणं फार गरजेचं. पक्कं बिल घ्या. सेकंड हँड घ्यायचा विचार आलाच तर *#०६# दाबून आयएमईआय नंबर काढा आणि सरकारच्या ‘संचार साथी’वर तो तपासा, चोरीचा फोन गळ्यात पडायला नको.

आता सासूबाई. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की टीव्ही बंद करायच्या बेतात ज्या सगळ्यात जास्त टीव्ही पाहतात त्यांना कोणी विचारलेलं दिसत नाही. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, साडेसहा इंचांच्या पडद्यावर त्यांनी पाच तास काय पाहायचं? टीव्ही विकून अडीच हजार येतील, पण पुन्हा घ्यायचा झाला तर कितीला पडेल याचा विचार करा. टीव्ही राहू द्या. खर्च मात्र नक्की कमी करता येतो, आणि तो कसा, हे त्या काय पाहतात त्यावर ठरेल.

त्या मुख्यतः बातम्या, कीर्तन, जुने चित्रपट, सह्याद्री पाहत असतील तर डीडी फ्री डिश बसवा. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे आणि तिला मासिक भाडं नाही. छत्री, बॉक्स आणि फिटिंग मिळून एकदाच साधारण दीड-दोन हजार खर्च येतो. अट एक, छत्रीला ठाण्याहून आग्नेयेकडचं आकाश मोकळं दिसायला हवं, कारण उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. त्या बाजूला टॉवर उभा असेल तर पैसे वाया जातील. फिटिंगवाल्याला आधी सिग्नल दाखवायला सांगा, मग पैसे द्या. चाळमालकाची परवानगीही घ्या. जुलैच्या धो धो पावसात चित्र अधूनमधून जाईल, तेवढं चालवून घ्यावं लागेल.

पण त्या रात्रीच्या गाजलेल्या मराठी मालिका पाहत असतील, तर फ्री डिशने त्यांचं समाधान होणार नाही. त्या मालिका ज्यांवर लागतात त्या मोठ्या वाहिन्या पैशांच्या आहेत, फ्री डिशवर नसतात. मग केबलवाल्याकडे जा आणि ३८० चं पॅकेज काढून फक्त मोफत वाहिन्या अधिक दोन-तीन मराठी वाहिन्या सुट्या मागा. २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाने सुट्या वाहिन्या निवडण्याचा हक्क ग्राहकाला आहे. साध्या दर्जाच्या एकेका मराठी वाहिनीचे वीसएक रुपये आणि जीएसटी धरा. मूळ भाड्यावरची १३० रुपयांची मर्यादा २०२४ मध्ये उठली आहे, त्यामुळे तो आकडा केबलवाल्याशी बोलून ठरवावा लागेल. ‘पॅकेजच स्वस्त पडतं’ असं तो म्हणेल. हिंदी चित्रपटांच्या वीस वाहिन्या घरात कोणी पाहत नसेल तर तुम्हाला ते स्वस्त नाही. २२० पर्यंत आणलंत तरी वर्षाचे १,९२० वाचले.

सासूबाईंच्या फोनवर तर पैसे सरळ वाया जात आहेत. १९९ च्या पॅकातला दोन जीबी डेटा बटणवाल्या फोनवर कोण वापरणार? ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं. २०२५ च्या सुरुवातीला वर्षभराचा असा पॅक १,८५० च्या आसपास आला. तुम्ही आत्ता वर्षाला १९९ चे तेरा म्हणजे २,५८७ भरता. हे पॅक जाहिरातीत दिसत नाहीत, अ‍ॅपमध्येही खाली कुठेतरी असतात. दुकानात ‘व्हॉइस ओन्ली’ म्हणून मागा.

घराला ब्रॉडबँड घ्यावं का, हाही विचार केला. जीएसटी धरून महिन्याला ४७० च्या आसपास म्हटलं तरी वर्षाचे साडेपाच हजारांवर जातात. दोघांचे मोबाइल पॅक १९९ वर आणले तरी त्यातले २,६०० च सुटतील. मुलगा अकरावीत गेला की पुन्हा बघू, आत्ता नको.

सगळं जमलं तर सध्याचे १४,९२१ वर्षाला १२,९१० च्या जवळ येतात. दुकानदाराच्या योजनेत, ओटीटी धरून, ते १५,४९४ झाले असते. फ्री डिश जमली तर दुसऱ्या वर्षापासून केबलचे २,६४० ही सुटतील. भिशीतून उरलेले हजार आणि ही बचत त्याच २२,००० च्या खात्यात टाकत राहा, निदान तीन महिन्यांचा खर्च जमेपर्यंत. शिलाई मशीनचा विषय त्यानंतर घेऊ.

सासूबाईंचा चालू पॅक किती तारखेला संपतो ते आजच बघून ठेवा. संपायच्या आदल्या दिवशी नवा भरा, म्हणजे आधीचे भरलेले दिवस फुकट जाणार नाहीत आणि त्यांचा फोनही बंद पडणार नाही.