सिगारेट न ओढणाऱ्यांना तिच्या वासाचा खरंच त्रास होतो, की उगाच नाक मुरडतात?

तुमची तक्रार अशी, की तुम्ही ऑफिसात बसून सिगारेट ओढत नाही, खाली टपरीवर जाता, कोणाच्या तोंडावर धूर सोडत नाही, वर येताना बडीशेपही खाता. तरी तुम्ही जागेवर बसलात की शेजारच्या मॅडम खुर्ची सरकवतात. मग हा खरा त्रास की लोकांना नावं ठेवायची सवय, असं तुम्ही विचारलंय.

त्रास खरा आहे. नाटक करणारेही आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो.

मी ओढत नाही, पण मी डॉक्टरही नाही आणि व्यसनमुक्तीवालाही नाही. नाशकात जुन्या चारचाकी घ्यायच्या-विकायच्या हा माझा धंदा. सिगारेटच्या वासाचा हिशेब रुपयांत करायची वेळ आमच्यावर रोज येते, म्हणून बोलतोय. गाडी विकायला आलेला मालक सांगतो, "सिंगल ओनर आहे, घरातल्या घरातच वापरली, आत कोणी कधी ओढली नाही." आपण हो म्हणायचं आणि दार उघडायचं. आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर खेचून त्याची पट्टी नाकाशी न्यायची. सीट कव्हर नवं घालता येतं, डॅशबोर्डला पॉलिश मारता येतं, पण बेल्टचा आत गुंडाळून बसलेला भाग कोणी धूत नाही. मग समोरच्या काचेची आतली बाजू ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसायची. साध्या गाडीत फडक्यावर करडी धूळ येते. ओढणाऱ्याच्या गाडीत पिवळट तपकिरी, चिकट काहीतरी येतं. शेवटी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर टाचणीच्या डोक्याएवढे जळके ठिपके शोधायचे. "मी तर काच खाली करून ओढतो" म्हणणाऱ्यांच्या गाडीत ते हमखास सापडतात. काचेबाहेर धरलेल्या सिगारेटची ठिणगी वाऱ्याबरोबर परत आत येते आणि मागे बसते. धूरही तसाच येतो, फक्त त्याचा ठिपका पडत नाही.

आता गिऱ्हाईकाची बाजू ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालंय. पिंपळगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले होते, मंडळींना घेऊन. पांढरी सेडान, टायर नवे, सर्व्हिसचे कागद व्यवस्थित. भाऊ पुढे बसले, वहिनी मागे. दार लावलं, एसी चालू केला, आणि मिनिटभरात भाऊंनी माझ्याकडे बघितलं.

"शेठ, ह्या गाडीत लई ओढलेल्या दिसतात."

त्यांच्या स्वतःच्या शर्टाच्या खिशात पाकीट होतं, वर लायटरही दिसत होता. मी हसून म्हटलं, "भाऊ, तुम्हाला काय फरक पडतो?"

"आपली ती आपली. दुसऱ्याचा उष्टा धूर कशाला घेऊ?"

तेवढ्यात मागून वहिनी म्हणाल्या, "मला तर तुमचाही चालत नाही. विचारतं कोण?" भाऊ हसले, मीही हसलो, पण वहिनी काही हसल्या नाहीत. त्यांनी शेवटी एक वर्ष जुनं मॉडेल घेतलं, वास नसलेलं.

हा किस्सा एकट्या भाऊंचा असता तर लिहिला नसता. दिवसाला पाकीट संपवणारा माणूससुद्धा दुसऱ्याने ओढलेली गाडी घ्यायला कचरतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे त्या वासाचा त्रास होतो की नाही यावर ओढणाऱ्यांचं आणि न ओढणाऱ्यांचं एकमत आहे. वाद फक्त "माझा वास येतो का" एवढ्यावर आहे. अमेरिकेत सॅन दिएगोला जॉर्ज मॅट नावाच्या संशोधकांच्या गटाने विकायला काढलेल्या जुन्या गाड्याच तपासल्या होत्या. ओढणाऱ्यांच्या गाड्यांत धुळीत, डॅशबोर्डवर, आतल्या हवेत निकोटिन सापडलं, आणि अशा गाड्यांना मालकांनीच किंमत कमी लावलेली होती. २००८ साली ते छापून आलं. आमच्याकडच्या कुठल्याही एजंटाने हे त्यांना फुकटात सांगितलं असतं.

तुम्हाला तुमचा वास का येत नाही, याचं कारण साधं आहे. एकच वास सतत आला की नाक काही मिनिटांत त्याची दखल घेणं सोडून देतं. हे सगळ्यांचंच होतं, म्हणून तर दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर पहिल्यांदा वास जाणवतो आणि मग जाणवत नाही. त्यात ओढणाऱ्याची वास घ्यायची ताकद मुळातच कमी होत जाते. सोडल्यावर ती हळूहळू परत येते, आणि मग हेच लोक सगळ्यात जास्त कुरकुर करतात. माझा एक जुना मित्र, पूर्वी सिगारेटवर सिगारेट पेटवणारा, आता टपरीपासून दहा पावलांवर नाकाला रुमाल लावतो. त्याच्यासमोर मी काही बोलत नाही.

मॅडमना जो येतो तो धूर नव्हे, धुराचा उरलेला माल. तो तुमच्या शर्टात, केसांत, बोटांवर असतो आणि श्वासातूनही येतो. बडीशेप त्यावर थर चढवते, काढत नाही. परफ्यूम तर अजून वाईट. गाडीतही लोक हेच करतात. डॅशबोर्डवर मोगऱ्याचा डबा ठेवतात आणि आत बसलं की मोगऱ्याच्या आडून सिगारेट येते. खरं काढायचं तर एसीचा फिल्टर बदलायचा, छताचं कापड धुवायचं, ब्लोअरच्या आतली कॉइल साफ करायची, आणि एवढं करूनही पहिल्या उकाड्यात बंद गाडी उन्हात उभी राहिली की वास पुन्हा हजर. निकोटिन पृष्ठभागाला चिकटून राहतं आणि हळूहळू परत हवेत सुटतं, म्हणून असं होतं. अमेरिकेतल्याच लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २०१० साली दाखवलं, की हे चिकटलेलं निकोटिन घरातल्या हवेत असणाऱ्या नायट्रस आम्लाशी मिळून कॅन्सरकारक द्रव्यं तयार करतं. एक गाडी तर मी वर्कशॉपवाल्याकडून तीनदा साफ करून घेतली आणि शेवटी वासासकट विकली, किंमत पाडून.

आणि जपानमधल्या नारा जिल्ह्यात इकोमा नावाचं शहर आहे. तिथल्या महापालिकेने २०१८ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी नियम काढला, की सिगारेट ओढल्यावर ४५ मिनिटं लिफ्ट वापरायची नाही. धूर सोडून झाल्यावरही श्वासातून बराच वेळ काही ना काही बाहेर पडत राहतं, असा तिथल्या अभ्यासाचा आधार होता. म्हणजे तुम्ही खाली ओढून लगेच वर येता तेव्हा थोडी सिगारेट बरोबर घेऊनच येता. मॅडम खुर्ची सरकवतात ते त्यामुळे.

नुसत्या वासापेक्षा धुराचं प्रकरण गंभीर आहे, पण ते बहुतेकांना माहीत असतं, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. एक म्हणजे ओढणारा जो धूर आत घेतो तो फिल्टरमधून येतो. दोन झुरक्यांच्या मधे जळत्या टोकाकडून निघणारा धूर कुठल्याच फिल्टरमधून येत नाही, कमी तापमानावर जळून निघालेला असतो, आणि शेजारच्याच्या वाट्याला मुख्यतः तोच येतो. दुसरी गोष्ट जपानच्याच ताकेशी हिरायामा यांची. त्यांनी ९१,५४० न ओढणाऱ्या विवाहित स्त्रियांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आणि १९८१ मध्ये मांडलं, की ज्यांचे नवरे भरपूर ओढतात त्या बायकांना फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे. मागच्या सीटवरच्या वहिनी मला आठवतात त्या यामुळे.

आता नाटकवाल्यांकडे येतो. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तंबाखू, मावा, गुटखा असं खाणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे सिगारेटवाल्याकडे बघून "शी" करणाऱ्यांपैकी बरेच जण हातावर चुना मळत असतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तरी माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत मागच्या दाराला बाहेरून लाल ओघळ नाही असं फार कमी वेळा होतं. अशा माणसाने सिगारेटच्या वासावर प्रवचन दिलं तर खुशाल हसून घ्या. तसंच एखादी मुलगी कॉलेज रोडच्या टपरीवर सिगारेट ओढताना दिसली की ज्यांची मान वळते, त्यांना वासाचं काही घेणंदेणं नसतं. तिच्या शेजारी चार पोरं ओढत उभी असतात, त्यांचा वास ह्यांना येत नाही. ते नाक नाही, ती नजर आहे. तुमच्या मॅडम या दोन्हींत बसत नसाव्यात, कारण ज्याला हिणवायचं असतं तो तोंडाने बोलतो. खुर्ची सरकवणारा माणूस भांडण टाळत असतो.

आणि नाशिककरांनी तंबाखूला एकदम परकं मानू नये, हेही खरं. सिन्नर विड्यांचं गाव. तिथल्या कितीतरी बायकांनी सुपात तेंदूपत्ता घेऊन विड्या वळून घरं चालवली. कॉलेज रोडवरच्या बीवायके कॉलेजला नाव आहे भिकुसा यमासा क्षत्रिय यांचं, म्हणजे सिन्नरच्या विडीवाल्या घराण्याचं. तंबाखूचा पैसा ह्या जिल्ह्यात शिक्षणालाही लागलाय. विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याला बसमध्ये "ओ बाबा, विझवा" म्हणणारे लोक भारी पाकिटातली सिगारेट ओढणाऱ्या साहेबाला काही म्हणत नाहीत, हे मी खूप बघितलंय. विडीचा धूर काही सिगारेटीपेक्षा वेगळ्या जातीचा नसतो.

कायद्याचं म्हणाल तर तुम्ही ऑफिसात ओढत नाही हा तुमचा मोठेपणा नाही, तो नियम आहे. काँग्रेसचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी घातली, २००३ ला कायदा आला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांत ऑफिसंही आली. दंड २०० रुपयांपर्यंत. सुटी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे. ती विकली जाते की नाही हे कुठल्याही टपरीवर दोरीला बांधलेला लायटर बघून ठरवा.

खरं सांगायचं तर न ओढणाऱ्यांचा राग वासापेक्षा बारक्यासारक्या सवयींवर जास्त असतो. कुंडीत खुपसलेलं थोटूक. चहाच्या अर्ध्या कपात विझवलेली सिगारेट, जो कप नंतर दुसऱ्या कोणीतरी धुवायचा. लिफ्टच्या दारापर्यंत शेवटचा झुरका आणि आत शिरल्यावर तो सोडणं. बाल्कनीत उभं राहून "मी घरात ओढत नाही" म्हणणं, आणि वरच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे. डिसेंबर-जानेवारीत नाशकात थंडी पडली की सगळ्यांच्या खिडक्या बंद असतात, तेव्हा जिन्यात ओढणारे. आणि सगळ्यात जास्त म्हणजे "चालेल ना?" असं सिगारेट पेटवून झाल्यावर विचारणं. समोरचा काय म्हणणार? तो "हो हो, चालेल" म्हणतो आणि आपला वडापाव घेऊन दुसऱ्या टेबलावर जातो.

तुम्ही सोडावी असं मी म्हणणार नाही, ते तुम्हाला घरून ऐकायला मिळत असेल. पण खाली ओढायला जाताना वर एखादं जॅकेट किंवा जुना शर्ट चढवा आणि तो वर आणू नका, लिफ्टच्या बाहेरच कुठेतरी अडकवा. हात साबणाने धुवा, नुसते पाण्याने नाही. तोंडही धुवा, चूळ भरा. आणि लगेच जागेवर न बसता जरा मोकळ्या हवेत दहा-पंधरा मिनिटं काढा, जमेल तर जास्त. पंचेचाळीस मिनिटं तुमचे साहेब देणार नाहीत हे मलाही कळतं.

आणि मॅडमना सरळ विचारा, वास येतो का म्हणून. त्या "छे हो, काही नाही" म्हणतील. पहिल्यांदा सगळे तेच म्हणतात. आठवड्याने पुन्हा विचारा.