वाचकांचे प्रश्न: कर्णधाराला शिक्षा होते तेव्हा

प्रश्न: २०२३ मध्ये हरमनप्रीत कौरवर दोन सामन्यांची बंदी आली. २०२५ च्या आशिया चषकानंतर सूर्यकुमार यादव मात्र दंड भरून मोकळा झाला. महिला कर्णधाराला वेगळा न्याय का?

उत्तर: न्याय एकच आहे, बेरीज वेगळी आहे. आयसीसीच्या (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या) आचारसंहितेत गुन्ह्याचे चार स्तर आहेत. पहिल्या स्तरात समज देण्यापासून मानधनाच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड आणि १ किंवा २ डिमेरिट (दोषाचे) गुण. दुसऱ्या स्तरात ५० ते १०० टक्के दंड किंवा २ पर्यंत निलंबन गुण, आणि सोबत ३ किंवा ४ डिमेरिट गुण. खरी मेख पुढेच आहे: २४ महिन्यांत डिमेरिट गुण ४ झाले की त्यांचे २ निलंबन गुण होतात. म्हणजे एक कसोटी, किंवा दोन एकदिवसीय, किंवा दोन टी-२०. संघाचे जे सामने आधी येतील ते.

बांगलादेशातल्या मीरपूरच्या सामन्यात हरमनप्रीतने बाद दिल्यावर यष्ट्यांवर बॅट मारली. हा दुसरा स्तर: ५० टक्के दंड, ३ गुण. मग बक्षीस समारंभात पंचांवर जाहीर टीका केली. हा पहिला स्तर: २५ टक्के, १ गुण. तीन अधिक एक चार, आणि बंदी आपोआप लागली. नुसती बॅट आपटून ती गप्प राहिली असती तर ७५ ऐवजी ५० टक्क्यांवर भागलं असतं आणि एकही सामना हुकला नसता. संघाचे पुढचे दोन सामने नेमके हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत आले. उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीत नेतृत्व स्मृती मानधनाकडे गेलं. सुवर्णपदकाच्या सामन्याला हरमनप्रीत परतली.

सूर्यकुमारला १४ सप्टेंबरच्या पाकिस्तान सामन्यानंतरच्या वक्तव्यासाठी ३० टक्के दंड आणि २ गुण मिळाले. खातं निम्मंच भरलं. त्याच स्पर्धेत पाकिस्तानच्या हारिस रौफला दोन सामन्यांत मिळून २ अधिक २ गुण झाले आणि तो दोन एकदिवसीय सामने बाहेर बसला. ‘भारताला झुकतं माप’ म्हणणारे आणि ‘आपल्यावरच डोळा’ म्हणणारे, दोघांनीही आधी ही बेरीज करून पाहावी. २ गुणच का, १ का नाही, यावर मात्र वाद घालायला जागा आहे. तिथे सामनाधिकाऱ्याचं (मॅच रेफरीचं) मत चालतं.

प्रश्न: केपटाऊनच्या चेंडू छेडछाडीच्या प्रकरणात ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथला वर्षभराची बंदी, आणि तशाच छेडछाडीसाठी दक्षिण आफ्रिकेच्या फाफ डू प्लेसीला नुसता दंड?

उत्तर: ही वडाची साल पिंपळाला लावणं झालं. मार्च २०१८ मध्ये आयसीसीने स्मिथला दिलेली शिक्षा होती १०० टक्के दंड आणि एक कसोटी. १२ महिन्यांची बंदी क्रिकेट ऑस्ट्रेलियाने, म्हणजे त्याच्याच मंडळाने, स्वतःच्या आचारसंहितेखाली घातली. डू प्लेसीला २०१६ च्या होबार्ट कसोटीबद्दल आयसीसीने १०० टक्के दंड आणि ३ गुण दिले, अपीलही फेटाळलं. त्याच्या मंडळाने वर शिक्षा केली नाही. तुलना करायची तर आयसीसीची आयसीसीशी करा: दंड सारखाच, फरक एका कसोटीचा. चेंडूशी छेडछाड तेव्हा दुसऱ्या स्तरात होती. जुलै २०१८ मध्ये ती तिसऱ्या स्तरात गेली आणि कमाल शिक्षा १२ निलंबन गुणांवर, म्हणजे सहा कसोटींवर, पोहोचली.

प्रश्न: चाहत्यांनी आवाज उठवला तर शिक्षा मागे घेतली जाते का?

उत्तर: २००१ मध्ये भारतात होता त्याहून मोठा आवाज काढणं कठीण. दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथ कसोटीत सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सहा भारतीयांना शिक्षा केली. कर्णधार सौरव गांगुलीला खेळाडूंना आवर घातला नाही म्हणून. इथे डेनेस यांचे पुतळे जळले. भारत आणि दक्षिण आफ्रिकेच्या मंडळांनी पुढच्या सेंच्युरियन कसोटीत त्यांना सामनाधिकारी म्हणून उभं राहू दिलं नाही, तर आयसीसीने त्या सामन्याचा कसोटी दर्जाच काढून घेतला. त्या सहांपैकी सेहवागची एका कसोटीची बंदी टळली नाहीच. सेंच्युरियनला तो बसला ते मोजलं गेलं नाही आणि मोहालीत इंग्लंडविरुद्ध पुन्हा बाहेर राहावं लागलं.

निर्णय बदलतो तो पुराव्यावर. २००६ मध्ये ओव्हलवर पंचांनी पाकिस्तानवर चेंडू कुरतडल्याचा ठपका ठेवला, इंझमामचा संघ चहापानानंतर वेळेवर उतरला नाही आणि सामना इंग्लंडला बहाल झाला. सुनावणीत आयसीसीचे सामनाधिकारी रंजन मदुगले यांनी पुरावा अपुरा म्हणून छेडछाडीचा आरोप काढून टाकला. मैदानात न उतरल्याबद्दल इंझमामवर चार एकदिवसीय सामन्यांची बंदी मात्र राहिली. आणि एक ध्यानात ठेवा: खेळाडूने गुन्हा कबूल करून प्रस्तावित शिक्षा मान्य केली की रीतसर सुनावणी होत नाही. बातमीत ती ओळ दिसली, तर कर्णधारानेच सही केलेली असते. तुम्ही कोणासाठी भांडताय?

प्रश्न: षटकं संथ टाकतात गोलंदाज, मग बंदी कर्णधारावर का?

उत्तर: चोर सोडून संन्याशाला फाशी, ही तक्रार रास्त होती आणि नियमही बदलले. आयसीसीने २०१९ मध्ये यासाठी कर्णधाराचं निलंबन बंद केलं. दंड सगळ्या संघाला सारखा. आयपीएलमध्ये कर्णधाराची ही बंदी २०२५ पासून थांबली. तोवर १२ लाख, २४ लाख आणि तिसऱ्यांदा ३० लाख अधिक एका सामन्याची बंदी अशी चढण होती. हार्दिक पंड्याने २०२४ च्या शेवटच्या सामन्यात तिसरी चूक केली, म्हणून २०२५ चा पहिला सामना बाहेर बसून पाहिला.

कसोटीत आता खरी चपराक गुणतक्त्यात बसते. २०२० च्या मेलबर्न कसोटीत टिम पेनचा ऑस्ट्रेलिया संघ दोन षटकं मागे राहिला आणि जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेतले ४ गुण गेले. ते असते तर ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडच्या बरोबरीने ७० टक्के गुणांवर असता. अंतिम सामना न्यूझीलंड खेळला, आणि जिंकलाही.