तक्ता बाजूला ठेव आणि फिल्म लाव

अगं,

आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाच्या चाली (प्ले) ठरवणारा कोच, हवाय; त्यासाठी तू केलेला तक्ता पाहिला. यार्ड, गुण, तिसऱ्या डाउनची (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याची) टक्केवारी, सगळं आहे. पण हेड कोचनं विचारलंय कोणाला घ्यावं, आणि तुझा तक्ता सांगतो कोणाच्या नशिबी चांगला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, आला.

एकच बघ. आपल्याकडे जी पोरं आहेत ती पाहून हा माणूस स्वतःचं प्लेबुक, म्हणजे चालींची वही, बदलेल का?

लेन किफिन या हेड कोचला यूएससी विद्यापीठानं 2013 मध्ये विमानतळावरच नारळ दिला. पुढच्या वर्षी अलाबामा विद्यापीठाचा हेड कोच निक सेबननं त्याला कोऑर्डिनेटर म्हणून आणलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. हाताशी झेल घेणारा अमारी कूपर होता, तर किफिननं चेंडू त्याच्याकडे पाठवला: 124 झेल. कूपर व्यावसायिक लीगमध्ये, एनएफएलला गेला, चेंडू घेऊन धावणारा डेरिक हेन्री उरला, तर 2015 मध्ये हेन्रीला पळवलं: 2,219 यार्ड, सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइजमन पुरस्कार, वर राष्ट्रीय विजेतेपद. माणूस तोच. हे तुझ्या कुठल्या रकान्यात बसतं?

आकड्यांनी माणूस बांधता येत नाही. आयोवा विद्यापीठानं 2023 मध्ये कोऑर्डिनेटर ब्रायन फेरेन्झच्या करारात सामन्यामागे सरासरी 25 गुणांची अट घातली, त्यात डिफेन्सनं केलेले गुणही धरले. संघ दहा सामने जिंकला, पण 25 च्या आसपासही फिरकला नाही.

हे मी एका कॉलेजच्या मीटिंगमध्ये बोललो होतो. सगळे घड्याळाकडे बघत होते. शेवटी घेतलेले कोऑर्डिनेटर साहेब वेगवान खेळाचे भक्त. आमची ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे अडवणारी पुढची फळी, जडशीळ, समोरच्याला ढकलत नेणारी. तिला दिवसभर मागं सरकत पास ब्लॉकिंग, म्हणजे फेकणाऱ्याचं रक्षण, करायला लावलं. तीन प्ले, पंट (लाथेनं चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा), आणि डिफेन्सच्या पोरांनी पाण्याची बाटली उघडायच्या आत परत मैदानात. मला हट्टी म्हणतात, म्हणोत. माझं म्हणणं चूक नव्हतं.

तेव्हा मुलाखतीत त्याला आपल्या शेवटच्या तीन सामन्यांची फिल्म दे. विचार: लेफ्ट टॅकल (फळीचा डावा टोकाचा गडी) जायबंदी आहे, क्वार्टरबॅकचा हात लांब फेकीचा नाही, थर्ड अँड सिक्स (तिसरा डाउन, सहा यार्ड बाकी), काय करशील? जो लगेच स्वतःचा लॅपटॉप उघडून जुन्या संघाच्या क्लिपा दाखवायला लागेल, त्याला चहा पाजून वाटेला लाव. जो आधी विचारेल की बदली टॅकल कोण, टाइट एंडला (झेल घेणारा आणि अडवणाराही गडी) ब्लॉकिंग जमतं का, त्याला बसवून ठेव. आणखी एक, 2024 पासून हेल्मेटमध्ये कोचचा आवाज ऐकवणारा रेडिओ आलाय. प्ले क्लॉकवर, म्हणजे प्ले सुरू करायच्या घड्याळावर, 15 सेकंद उरले की तो बंद. प्लेची गाडीच्या डब्यांसारखी लांबलचक नावं उच्चारणारा तिथंच अडकेल.

आधीच्या जागी प्ले खरंच कोण ठरवत होतं, हेही फोन करून काढ. हुद्द्यावर जाऊ नकोस. 2019 च्या एलएसयू विद्यापीठाच्या संघात कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्समिंगर होता, सर्वोत्तम सहायक कोचचा ब्रॉयल्स पुरस्कार मात्र पासिंगचं बघणाऱ्या जो ब्रेडीला मिळाला.

पगाराचं मला विचारू नकोस, ते अ‍ॅथलेटिक डायरेक्टरनं बघावं. तू आज फिल्म कापायला बस, आणि आपण हरलेले सामने निवड.

तुझा,
काका