आधी डोळा दाखवा, मग फ्रेम पाहा

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातली, वय 47. दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते, किलोमागं मजुरी मिळते. यंदा जवळचं काही धड दिसतच नाही. कापूस हाताला लागते, पण त्यात अडकलेला काडीकचरा दिसत नाही. मालक म्हणते, "बाई, कचरा लय आणता." सुईत दोरा लेकीकडून ओवून घ्यावा लागते. चष्म्याच्या दुकानात गेली तर कॉम्प्युटरवर डोळे पाहून 2800 रुपये सांगितले. सासू सत्तरीची हाये. तिचा जवळचा चष्मा आपोआप सुटला म्हणून ती खूश हाये, पण सांजेला समोरून गाडीचा लाइट आला की डोळे मिटून उभी राह्यते. पोरगी आठवीत, फळ्यावरचं मैत्रिणीच्या वहीतून उतरवते. तिला चष्मा लावला तर पुढं सोयरीक जमत नाही म्हणतात. तिघींचे चष्मे करायचे तर पैसा कुठून आणायचा, आन् आधी कोणाचा करायचा?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, पहिला नंबर सासूबाईंचा, आणि त्यांना आत्ता चष्मा नकोच. या वयात जवळचा चष्मा आपोआप सुटला की बहुतेक वेळा ती मोतीबिंदूची सुरुवात असते. डोळ्यातलं भिंग गढूळ होता होता आतून घट्ट होतं, त्यानं डोळ्याला उणे नंबर येतो आणि काही काळ बिनचष्म्याचं वाचता येतं. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केली तेव्हा "देवानं डोळे परत दिले" म्हणत येणारी म्हातारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पुढं ते जवळचंही जातं. दिवा डोळ्यावर फाकणं हे मोतीबिंदूचंच दुसरं लक्षण. आज त्यांना नवा चष्मा केला तर थोड्याच दिवसांत नंबर पुन्हा सरकेल आणि पैसे पाण्यात जातील.

शेजारीपाजारी "अजून पिकू द्या" म्हणतील. तो सल्ला जुन्या काळचा. तेव्हा आख्खं भिंग काढून टाकत आणि पेशंटला जन्मभर जाडजूड चष्मा लागे. आता आत कृत्रिम भिंग बसवतात, त्यामुळे पिकायची वाट पाहावी लागत नाही. उलट फार पिकलेल्या मोतीबिंदूनं डोळ्यातला दाब वाढून डोळा कायमचा जाऊ शकतो.

हे ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात 1976 पासून चालू आहे, आणि त्यात मोतीबिंदूच सगळ्यात मोठं काम. तुमची सुरुवात ग्रामीण रुग्णालयातून. तिथं 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. फक्त नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या वारी असतात ते आशाताईला आधी विचारून ठेवा. त्यांना ठरलेल्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रांवरही जावं लागतं, आणि ऐन वेचणीत तुमची मजुरी फुकट बुडायला नको. तिथून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मिळेल. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालयही डोळ्यांसाठी चांगलं, पण तुम्हाला यवतमाळ जवळ. सासूबाईंना शुगर, बीपीच्या गोळ्या असतील तर सोबत न्या. ऑपरेशनच्या आधी दोन्ही तपासतातच. नंतर महिना-दीड महिना थेंब घालायचे आणि डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. नंबर स्थिरावला की मग चष्मा.

त्या चष्म्यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना पाहा. 2024 साली सुरू झाली. वय 65 च्या वर आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी एकरकमी 3000 रुपये थेट बँक खात्यात येतात. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयाकडे जातो. खातं आधारला जोडलेलं हवं, आणि वस्तूचं बिल जपून ठेवा. पण पैसे येतील तेव्हा येतील; त्यांच्या भरवशावर ऑपरेशन थांबवू नका.

आता पोरगी. एक जाड पुठ्ठा घ्या, त्याला सुईनं बारीक भोक पाडा. एक डोळा झाकून दुसऱ्या डोळ्यानं त्या भोकातून लांबची पाटी वाचायला सांगा, एसटीवरच्या गावाचं नावही चालेल. नुसत्या डोळ्याला अंधुक आणि भोकातून स्पष्ट दिसलं, तर दोष बहुधा नंबरचाच आहे. भोकातूनही दिसलं नाही तर दुसरं काही असू शकतं, मग तपासणी लांबवू नका. हा घरचा अंदाज झाला. नंबर मात्र डोळ्यात थेंब टाकून, बाहुली मोठी करूनच काढायला हवा, कारण लहान वयात डोळा जोर लावून मशीनलाही चकवतो. शाळकरी मुलांना त्याच राष्ट्रीय कार्यक्रमात चष्मा मोफत मिळतो. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, मुख्याध्यापकांना तिचं नाव आजच सांगून ठेवा. बाजारातला तयार चष्मा तिला कदापि नको.

सोयरिकीचं म्हणाल, तर फळा न दिसल्यानं पोरगी गणितात मागं पडली आणि शाळा सुटली, तर ती सोयरीक लवकर जमेल. तुम्हाला तशी हवी आहे का?

राहिल्या तुम्ही. चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होते, त्यालाच चाळशी लागणं म्हणतात. ती सगळ्यांनाच लागते. दुकानदारानं 2800 कशाचे सांगितले ते पत्रात नाही, पण माझा अंदाज प्रोग्रेसिव्ह काचेचा. लांबचं, मधलं, जवळचं एकाच काचेत, मधे रेघ नाही. त्यावर अँटीग्लेअर, म्हणजे चकाकी कमी करणारा थर. वावरात त्याची काही गरज नाही. तुमचं लांबचं चांगलं असेल तर साधा जवळचा चष्मा पुरे, आणि लांबचाही नंबर निघालाच तर रेघेचा बायफोकल घ्या, वर लांबचं आणि खाली जवळचं.

रुग्णालयात नंबर काढल्यावर कागद मागून घ्या. तो कागद तुमचा, आणि तो हातात असला की चार दुकानांत भाव विचारता येतो. दोन्ही डोळ्यांचा जवळचा नंबर सारखा आणि तिरकस नंबर (डोळ्याचा गोलवा आडवा-उभा सारखा नसल्याचा) नसेल, तर आठवडी बाजारात शंभर-दीडशेला मिळणारा तयार चष्माही चालतो. तुमच्या वयाला साधारण सव्वा ते दीड नंबर लागतो. तिथं पेपर वाचून चष्मा निवडू नका. कापूस जितक्या अंतरावर धरता, तितक्या अंतरावर हाताच्या रेषा पाहा. बोंड पेपरपेक्षा लांब असतं, म्हणून पाव नंबर कमीच बरा पडतो. तपासणी तरीही एकदा कराच. डोळ्याची नस हळूहळू निकामी करणारा काचबिंदू बहुधा दुखत नाही, आणि त्यानं गेलेली नजर परत येत नाही.

मजुरीचंही सांगते. आसामात चहा खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचे चष्मे देऊन पाहिले, तर चष्मेवाल्यांची खुडणी बिनचष्मेवाल्यांपेक्षा सुमारे 22 टक्के जास्त वाढली. 2018 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कापसाचं असं कोणी मोजल्याचं माझ्या पाहण्यात नाही, पण किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईला हिशेब समजावून सांगायला नको.

प्रश्न : फवारणी करताना नंबरचा चष्मा घातला की डोळ्याचं रक्षण होते का? मागं औषध उडून डोळा लाल झाला, तर मेडिकलवाल्यानं थेंब दिले.
— एक शेतकरी, आर्णी तालुका

उत्तर : नाही भाऊ. नंबरचा चष्मा बाजूनं उघडा असतो. त्याच्यावर बंद गॉगल हवा, आणि वारा अंगावर घेऊन फवारू नका. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते तुम्ही विसरला नसाल. औषध डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही. पापण्या उघड्या धरून पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. चिठ्ठीशिवाय दिलेल्या थेंबांत स्टेरॉइड, म्हणजे सूज-लाली दाबणारं औषध, असू शकतं. डोळ्याला पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, काडी लागून बुरशी धरली असेल, तर त्यानं लाली उतरते आणि जखम आत वाढते. घरात उरलेली ती थेंबांची बाटली फेकून द्या. दवाखान्यात जाताना फवारणीच्या औषधाचं लेबल सोबत न्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.