हवामानाचं विचारा: सकाळी समोरचा टॉवर कुठे जातो?

प्रश्न: चेंबूरला सातव्या मजल्यावर राहते. दिवाळी होऊन महिना लोटला, तरी सकाळी समोरचा टॉवर करड्या पडद्याआड असतो. दुपारी दोनला लख्ख दिसतो. गाड्या, बांधकामं तर पावसाळ्यातही होती. मग आत्ताच असं का? आमच्या ह्यांना दमा आहे, ते पहाटे साडेपाचला फिरायला जातात. जावं का? – एक वाचक, चेंबूर

उत्तर: ताई, शेवटचं आधी सांगतो. पहाटे साडेपाचला नको.

हवामान खात्यात नोकरीला असताना मी सांताक्रूझला पहाटेचा फुगा सोडायचो. आत हायड्रोजन, खाली तापमान नि आर्द्रता मोजणारं यंत्र. एरवी वर जावं तसं तापमान उतरतं, किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंश. थंडीतल्या निरभ्र रात्री मात्र जमीन भराभर निवते, तिला लागून असलेली हवाही गार होते. मग फुगा वर निघाला की आकडा उतरायच्या ऐवजी चढायचा. खालची हवा गार, म्हणून जड. ती उठतच नाही. आम्ही ह्याला इन्व्हर्जन म्हणायचो. त्या ठेंगण्या जागेत ट्रकचा धूर, पेटवलेला कचरा, बांधकामाची धूळ सगळं कोंडतं. उंच छताच्या वाड्यातली फोडणी आणि पोटमाळ्याखालची फोडणी, ठसका कुठे जास्त लागेल?

त्यात रात्रीचा वारा जमिनीकडून समुद्राकडे, तोही नावापुरता. ऊन तापलं की खालची हवा वर उठते, कोंडलेलं मोठ्या उंचीत पसरतं. दुपारी समुद्राकडून खारा वारा आला की तुमचा टॉवर परत! पूर्वेचा वारा जोरात असला की खारा वारा उशिरा येतो. त्या दिवशी उकाडाही जास्त, धुरकंही रेंगाळतं.

पावसाळ्यात उलट. नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून अखंड येतो आणि सरी हवा धुतात. ठळक धूळ पावसाबरोबर चटकन खाली बसते. एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आतले कण चिवट, भुरभुरीला दाद देत नाहीत. म्हणून रस्त्यावर टँकरने फवारे मारून हवा शुद्ध झाल्याच्या बातम्या मी फारशा मनावर घेत नाही.

दमटपणाचाही वाटा आहे. काही कण बाष्प शोषून फुगतात, प्रकाश जास्त विखुरतात. त्यामुळे तेवढ्याच धुळीत सकाळी कमी दिसतं.

वारा नेहमी उपकारच करतो असं नाही हं. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानकडून धुळीचं वादळ आलं, वारा चांगला होता, तरी मुंबईत गाड्यांवर पांढुरका थर बसला. पण असे दिवस क्वचित. बाकी थंडीभर घाण आपलीच असते. हिवाळा आला की वाऱ्यावर खापर फोडतात, ते मला पटत नाही. वारा पडला म्हणून ती उघडी पडते, एवढंच.

ह्यांना संध्याकाळी पाठवा, साडेचार ते सहा. खारा वारा बहुधा तोवर असतो. सकाळचीच सवय असेल तर ऊन चांगलं चढल्यावर, आणि हमरस्ता टाळून. मोबाइलवरच्या हवेच्या निर्देशांकातला धूलिकणांचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवरून काढतात, त्यात कालची दुपारही मिसळलेली असते. जवळच्या केंद्राचा तासागणिक आकडा बघा. सूक्ष्म कणांची (मोबाइलवर PM2.5 लिहिलेलं असतं ते) आपल्याकडची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 15; दोन्ही चोवीस तासांच्या. दम्याच्या माणसाने कुठली धरायची, ते डॉक्टरांना विचारा. मी 15 जवळची धरली असती.